समुद्र वर आला तर गाडलेल्या अणुकचऱ्याचं काय?

चेंबूरची तळमजलेवाली
२६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आमच्या घरात पलंगाच्या पाटीपर्यंत पाणी होतं. कपाटाचं खालचं फुगलेलं प्लाय अजून तसंच आहे. परवा नववीतल्या लेकीनं विचारलं, ट्रॉम्बेचं अणुसंशोधन केंद्र काय, तारापूरचा अणुप्रकल्प काय, दोन्ही समुद्रकाठी. समुद्र वर आला तर तिथला पुरलेला कचरा भिजेल का? मी म्हटलं अभ्यास कर. आता मलाच झोप नाही. कोणी नीट सांगेल का? घाबरवू नका, आणि "सगळं सुरक्षित आहे" एवढंच लिहून पळूही नका.

पायलिंगवाला (निवृत्त)
ताई, माझं आयुष्य मुंबईच्या जमिनीत भोकं पाडण्यात गेलं, अणुशास्त्रात नाही. पण पाणी कसं आत शिरतं ते ठाऊक आहे.

सगळा कचरा एकाच जातीचा नसतो. सगळ्यात जहाल जो असतो तो वितळलेल्या काचेत मिसळून घट्ट करतात आणि थंड ठेवून त्यावर नजर ठेवतात. तो कायमचा पुरायची खोल जागा आपल्याकडे अजून नाही. जमिनीखाली लगेच जातो तो हलका माल: हातमोजे, पुसायची फडकी, फिल्टर वगैरे. प्रकल्पाच्याच आवारात आरसीसीचे चर आणि टाइल होल (जमिनीतले नळीसारखे उभे खड्डे) असतात, त्यात.

त्यातले मुख्य किरणोत्सारी नग सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९०. साधारण तीस वर्षांत निम्मे होतात. दहा वेळा निम्मे झाले की हजारावा हिस्सा उरतो, म्हणजे तीनशे वर्षं सांभाळायचं. तीनशे वर्षांपूर्वी बाजीरावांना पेशवाई मिळून जेमतेम काही वर्षं झाली होती आणि वरळी-महालक्ष्मीच्या मधे भरतीचं पाणी खेळत होतं. आमचं बेसमेंट तिसऱ्या पावसाळ्यात रडायला लागतं, आणि बिल्डर गॅरंटी कार्ड शोधत बसतो! चर काही तसे सोडून देत नाहीत, आजूबाजूला बोअर मारून पाणी तपासत राहतात. पण तपासणारा तीनशे वर्षं टिकला पाहिजे, हे गणित काँक्रीटचं नाही.

लेकीला सांगा, लाटेची भीती नंतरची. आधी भूजल वर येतं, खारं होतं आणि गुपचूप सळई खातं. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट आतून फोडते. किनाऱ्यावरच्या कुठल्याही जुन्या इमारतीचा छज्जा बघा.

गोदीतला नातू
समुद्र नेहमी इथंच होता असं कुठे आहे? मुंबई बंदराचा प्रिन्सेस डॉक खणताना, १८७०च्या दशकात, गाळाखाली झाडं मुळांसकट सापडली होती. वीसेक हजार वर्षांपूर्वी जगभर समुद्र आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होता.

आणि पुरून मोकळं झाल्याचं उदाहरण हवं असेल तर मार्शल बेटांवरचा रुनिट घुमट बघा. अमेरिकेनं १९५८च्या अणुस्फोटाच्या खड्ड्यात दूषित माती भरून वर काँक्रीटचं झाकण घातलं, तळाला अस्तरच नाही. खालचं पाणी भरती-ओहोटीबरोबर हलतं. ब्रिटनमधल्या ड्रिगच्या किनाऱ्यावरच्या हलक्या अणुकचऱ्याच्या साठ्याचं उलट: काही शे ते काही हजार वर्षांत किनारा झिजून समुद्र ती जागा खाणार, हे त्यांनी आपल्या सुरक्षा-हिशोबातच धरलंय. कबूल तरी करतात.

चेंबूरची तळमजलेवाली
मग खोल पुरलं की प्रश्न मिटला?

पायलिंगवाला (निवृत्त)
खोलवर समुद्राची भानगड जवळजवळ संपते, पण दुसरी सुरू होते. फिनलंडच्या ओन्कालो या खोल साठवणीत चारशे मीटरहून खाली, जुन्या खडकात, जहाल कचऱ्याच्या तांब्याच्या डब्याभोवती बेंटोनाइट नावाची चिकणमाती ठासायची योजना आहे. आमच्या साइटवर पोत्यांनी येतं तेच, आपल्याकडे कच्छचं. पाणी प्यायलं की फुगतं, भेगा बुजवतं.

पण एक गंमत आहे. किनाऱ्याजवळ भोक मारताना खारं पाणी मिसळलं की भोकात भरलेली बेंटोनाइटची स्लरी, म्हणजे पातळ गारा, फाटते, नासलेल्या दुधासारखी. म्हणून आम्ही मिठाला घाबरतो. फिनलंड-स्वीडनवाले घाबरतात गोड्या पाण्याला! पुढच्या हिमयुगात वर दोन-तीन किलोमीटर बर्फ साचलं आणि वितळलेलं, जवळजवळ क्षार नसलेलं पाणी भेगांतून खाली उतरलं, तर चिकणमाती विरघळल्यासारखी सुटी होऊन वाहून जाऊ शकते. तिथे हिशोब शंभर वर्षांचा नाही, लाख वर्षांचा मांडतात, आणि आपण तापवलेल्या हवेमुळे ते हिमयुग किती लांबणीवर पडेल तेही त्यात धरावं लागतं.

चेंबूरची तळमजलेवाली
लेक विचारते, हे घरी करून बघता येईल का?

पायलिंगवाला (निवृत्त)
येईल की. मांजराच्या वाळूच्या पाकिटावर बेंटोनाइट लिहिलंय का ते बघून आणा. दोन काचेचे ग्लास, एकात साधं पाणी, दुसऱ्यात दोन चमचे मीठ घातलेलं. दोन्हीत चमचाभर वाळू बारीक कुटून ढवळा आणि रात्रभर हलवू नका. सकाळी मिठाच्या ग्लासातलं वरचं पाणी नितळ दिसेल, साध्यातलं गढूळच राहील. तेवढं बघून सांगायला सांगा तिला. आणि ते पाणी बेसिनमध्ये ओतू नका, पाइप चोंदेल.