कालच्या सहकाऱ्यांचे नेतृत्व कसे करावे?

प्रश्न: ज्या आठ जणांसोबत सहा वर्षे डबा खाल्ला, त्यांचाच मी गेल्या महिन्यापासून विभागप्रमुख आहे. सांगितलेले काम ते करतात. अडचण मात्र मुदत उलटल्यावरच माझ्या कानावर येते. त्यांचा उत्साह कसा वाढवावा?

उत्तर १: उत्साहाचे नंतर पाहू, अडचण सांगणाऱ्याला आपल्याकडून काय ऐकावे लागते, ते आधी तपासावे. १० ऑगस्ट १९७९ रोजी उपग्रह सोडणाऱ्या एसएलव्ही-३ या भारतीय रॉकेटचे पहिले उड्डाण फसले, तेव्हा इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन यांनी पत्रकारांसमोर जबाबदारी स्वतःवर घेतली आणि १८ जुलै १९८० रोजी यश मिळाल्यावर प्रकल्पप्रमुख अब्दुल कलाम यांना पुढे केले. वरिष्ठ असा वागला, तर चूक लपवण्याचे कारणच उरत नाही.

उत्तर २: हे मान्य, परंतु मुदतही सर्वांना दिसली पाहिजे. कोकण रेल्वेच्या कामात त्या प्रकल्पाचे प्रमुख ई. श्रीधरन यांनी कार्यालयांत उरलेले दिवस दाखवणारी उलटी घड्याळे लावली होती. (आमच्याकडे साधा फळा पुरला.)

प्रश्नकर्ता: मागील बैठकीत एकाने उशिराची कल्पना दिली, तेव्हा मी सर्वांदेखत त्याला झापले होते. सोमवारी त्याच्याशी स्वतंत्रपणे बोलतो.