फोर व्हील असूनही एटीव्ही चिखलात रुततेच, टायर बदलू की विंच लावू?

रुतलेला गडी:
मंडळी एक विचारायचंय. ऑटोमॅटिक एटीव्ही (हँडलवाली, चार जाड टायरची रानात चालवायची गाडी) आहे, फोर व्हीलचं म्हणजे चारही चाकांना जोर द्यायचं बटण आहे, टायर कंपनीचेच. सुक्या रानात, दगडधोंड्यात, चढावर मस्त पळते, काही तक्रार नाही. पण पाऊस झाला की जिथे ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पाडल्यात तिथे अर्ध्यात जाऊन बसते म्हणजे बसतेच. चाकं गरागरा फिरतात, चिखल डोक्यावरून उडतो, गाडी तसूभर हलत नाही आणि मग रबर जळल्यासारखा वास येतो. परवा तर इंजिन तापल्याचा दिवा पण लागला. मी लांबूनच स्पीड घेतो, हाय गिअरमध्येच असतो आणि अडकली की फोर व्हील दाबतो. टायर आणि विंच (गाडीला बसवायची दोर ओढणारी मोटर) दोन्ही एकदम जमणार नाही, आधी काय घेऊ?

बेल्टपुराण:
खरेदी राहू द्या, आधी तो वास बघा. टायरचा नाहीये तो, सीव्हीटीच्या म्हणजे ऑटोमॅटिक गिअरच्या बेल्टचा आहे. तुमच्या गाडीत इंजिनचा जोर दोन पुलींमध्ये दाबून धरलेल्या रबरी बेल्टवरून पुढे जातो. हाय गिअर, हळू वेग आणि चाकांना चिखलाचा जबरदस्त अडथळा असं एकत्र आलं की बेल्ट पुलीवर घसरतो, तापतो आणि एका जागी चपटा होतो, मग सुक्या रस्त्यावर पण गाडी धडधडत चालायला लागते. लो गिअर त्यासाठीच दिलाय. चिखलात शिरायच्या आधी थांबून लो टाकायचा, मध्येच नाही.
वास नसताना पण इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी ढिम्म असं झालं तर बेल्ट ओला झालाय समजा. बेल्टच्या कव्हरच्या तळाला बहुतेक गाड्यांना पाणी काढायचं बूच असतं, ते उघडा, न्यूट्रलला ठेवून थोडी रेस द्या, पाणी फेकलं जातं.

काठीवाला:
बेल्टपुराणशी सहमत, आणि फोर व्हील अडकल्यावर दाबायचं नसतं हो! चाकं जोरात फिरत असताना दाबलं तर दाते आदळतात, आणि तोवर मागच्या चाकांनी खड्डा खणून झालेला असतो, पुढची चाकं ओढणार तरी कुठे. आधीच टाका.
माझी पद्धत सांगतो. उतरायचं, काठी खुपसून बघायची. वीतभर खाली काठी टणक जमिनीला लागली तर बिनधास्त, चाकं गाळ कापून खाली पोचतात आणि पकड घेतात. काठी जातच राहिली तर वळसा घाला, लाज कसली त्यात. चाकोरीत दोन्ही चाकं घालायची नाहीत, एक बाजू मधल्या उंचवट्यावर आणि दुसरी चाकोरीच्या बाहेरच्या काठावर ठेवायची, नाहीतर गाडीचं पोट टेकतं आणि चाकं हवेत फिरल्यासारखी फिरतात. तिथे टायर कितीही भारी असला तरी उपयोग शून्य.
थ्रॉटल एकसारखा ठेवा. गाडी मंदावली की हँडल थोडं डावी-उजवीकडे हलवत राहा, पुढच्या टायरच्या कडेचे गट्टू चाकोरीच्या भिंतीला धरतात. चाकं फिरतायत पण गाडी थांबली, त्याच क्षणी थ्रॉटल सोडा आणि आलात त्याच वाटेने रिव्हर्स.

धूमकेतू:
हळू हळू जायचं मला नाही पटत. पातळ चिखलात वेग नसला तर टायरच्या खाचांमधला गाळ निघतच नाही, टायर गुळगुळीत गोळा होतो. थोडा जोर पाहिजेच.

काठीवाला:
जोर पाहिजे, पण तो आत शिरायच्या आधी कमवायचा, आत गेल्यावर पिळून नाही. आणि न बघता वेगात शिरलात आणि खाली ओंडका असला तर हँडलवरून पुढे जाल. उभे राहा फुटरेस्टवर, गुडघे सैल, आणि गाडी कलली तरी पाय खाली टेकवू नका, मागचं चाक पायावर चढतं.

रुतलेला गडी:
हे काठीचं कुणी सांगितलंच नव्हतं. टायरची हवा कमी केली तर फरक पडेल का? आणि तापल्याचं काय?

बेल्टपुराण:
पडतो, पण जपून. एटीव्हीच्या टायरला मुळातच ५-७ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा असते, कारसारखी तिशीतली नाही, त्यामुळे एक-दीड पीएसआय म्हणजे पण बरंच झालं. फार उतरवलीत तर टायर रिमवरून निसटतो. कारवाला गेज इतक्या खाली नीट दाखवत नाही, कमी दाबाचा वेगळा घ्या.
तापतंय कारण रेडिएटर चिखलाने लिंपला गेलाय, पंख्याला हवाच मिळत नाही. गाडी थंड झाल्यावर इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला साध्या पाइपने पाणी सोडा. प्रेशर वॉशर लावू नका, जाळीचे पत्रे वाकतात आणि बेअरिंगच्या सीलमधून पाणी आत जातं. खोल पाण्यातून आलात की डिफरन्शियलचं (दोन्ही बाजूच्या चाकांना जोर पोचवणाऱ्या गिअरपेटीचं) तेल पण बघा, दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदला.

दोरखंड:
विंच आधी घ्या असं माझं मत, एकटे फिरत असाल तर नक्कीच. पण दोर झाडाला गुंडाळून हूक त्याच दोरात अडकवू नका, दोर तिथेच कापला जातो. खोडाला रुंद पट्टा, पट्ट्याला शॅकल (पिनने बंद होणारी लोखंडी कडी) आणि त्यात हूक. दोरावर जाड जाकीट टाका, तुटला तर झेप कमी होते. विंच ओढताना इंजिन चालू ठेवा, नाहीतर बॅटरी बसते. आणि बघे दोराच्या रेषेत उभे राहतात ना, त्यांना आधी हाकला.