सॅन स्टॉर्मचं इंजिन अर्धं खोललंय, ३ नंबर बोअरला (पिस्टन वरखाली होतो त्या नळीला) ओरखडा. पुढे खोलू का इथंच थांबू?

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये.

गाडी सॅन स्टॉर्म, २००१ ची, गोव्यात बनायची ती फायबर बॉडीची टू सीटर, आत रेनॉचं ११४९ सीसी आठ व्हॉल्व्हचं डी७एफ इंजिन. गेल्या महिन्यात कात्रजच्या घाटात तापमानाचा काटा लालमध्ये गेला, थांबायचं सोडून मी "बोगद्यापर्यंत जाईल की" म्हणत ओढली आणि व्हायचं तेच झालं. पांढरा धूर, डिपस्टिकवर दुधाळ फेस.

एका जुन्या गॅरेजात कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलेंडरमधला दाब, पीएसआयमध्ये) बघितलं, १६५, ११०, १६०, १६५, म्हणजे २ नंबर बसलेला. त्यांनी पूर्ण इंजिन डाऊनचा (उतरवून खोलायचा) जो आकडा सांगितला तो ऐकून गाडी टो करून घरी आणली आणि सोसायटीच्या पार्किंगमध्येच वरच्या मजल्यावरच्या काकांना (टूलरूममधून रिटायर) घेऊन हेड उतरवलं, चेंबर (खालचं ऑइलचं भांडं) काढला, चारही पिस्टन वरून बाहेर. सेक्रेटरी दोनदा येऊन ऑइलचे डाग मोजून गेलेत.

तर हेड सरळ आहे, पट्टी लावून ०.०५ मिमीचा फीलर (फट मोजायची पातळ पाती) कुठेच शिरत नाही. बेअरिंगचे शेल (आतल्या अर्धगोल पट्ट्या) एकसारखे करडे, फक्त एका वरच्या शेलवर मधोमध चकचकीत पट्टा, क्रँकवर (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्यावर) नख अडकत नाही. पण टायमिंग बेल्टच्या बाजूने मोजलं तर ३ नंबरच्या बोअरला उभा ओरखडा आहे आणि तिथे नख चक्क अडकतं. मूळ बोअर ६९ चा, बाकीचे वरच्या टोकाला ६९.०२-०३ भरतात, हा ६९.०७. आणि २ नंबर, ज्याचं कॉम्प्रेशन गेलं होतं, तो आरशासारखा! हे कसं काय? नुसतं होनिंग (बोअर आतून हलकं घासणं) आणि नव्या रिंगा चालतील का? नाना पेठ पालथी घातली, रिंगा कोणाकडेच नाहीत.

प्रतिसाद: दादा, रेनॉ १ नंबर फ्लायव्हीलकडून, म्हणजे गिअरबॉक्सच्या टोकाकडून मोजते. तुमचा ३ म्हणजे गॅरेजवाल्याचा २, सिलेंडर एकच आहे, जुना माणूस बरोबर होता. नख अडकतंय म्हणजे होनिंगने जाणार नाही, बोअरिंगच (बोअर कापून मोठा करणं), आणि त्यासाठी क्रँक काढून ब्लॉक मोकळा करावाच लागेल नाहीतर भुगा मेन बेअरिंगमध्ये बसेल. पण ओव्हरसाइज पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक लेथवाल्याकडे टाकू नका, तो पिस्टन मोजून बोअर करतो. पहिल्या ट्विंगोला आणि दुसऱ्या पिढीच्या क्लिओला हेच इंजिन होतं, त्या नावाने बाहेरून मागवा. ऑइल पंपाची जाळी बघा, त्या फेसाने चोंदली असेल. आणि पिस्टनच्या रॉडच्या खालच्या कॅपा एकमेकांत मिसळल्या नाहीत ना?

धागाकर्ता: आई शप्पथ! कॅपा नंबर टाकून पिशव्यांत आहेत, पण बेल्टकडून मोजून. आत्ता खाली जाऊन काकांना सांगितलं तर ते दोन मिनिटं गप्पच, मग म्हणाले मार्कर आण. पिस्टनचं बघतो. जाळी उद्या सकाळी, सेक्रेटरी फिरायला गेले की.