एसक्यूलाइट : ९८ पानांचं पुस्तक '५०० पेक्षा जास्त'मध्ये कसं येतं? (मदत हवी आहे)

नमस्कार,

माझ्या पुस्तकांची यादी बरीच वर्षं स्प्रेडशीटमध्ये होती. १,८४० ओळी झाल्यावर ती सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी मजकूर फाइल) करून एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये आणली. टर्मिनलवरचं हे साधन मी पहिल्यांदाच वापरतेय आणि मला ते नीट शिकायचंय, म्हणून कृपया 'अमुक खिडकीवालं सॉफ्टवेअर घ्या' असं सुचवू नका. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितेय.

डेटाबेस उघडला, 'डॉट मोड सीएसव्ही' दिलं आणि मग 'डॉट इम्पोर्ट यादी.सीएसव्ही पुस्तके'. टेबल आपोआप तयार झालं. कॉलमची नावं (नाव, लेखक, पाने, वर्ष, आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक) पहिल्या ओळीतून उचलली गेली, मराठी नावंही विनातक्रार चालली. इथवर फार आनंद झाला. मग हे सुरू झालं :

'सिलेक्ट नाव, पाने फ्रॉम पुस्तके व्हेअर पाने > ५००;' असं विचारलं तर ९८ पानांचं पुस्तक येतं, ५२ पानांचं येतं आणि १,०२४ पानांचा जाडजूड ग्रंथ येत नाही!

बेरीज मात्र स्प्रेडशीटशी तंतोतंत जुळते. पण सरासरी जुळत नाही. तिकडे २१८, इकडे १९१.

पानांची जागा २१२ ओळींत कोरी आहे, तरी 'व्हेअर पाने इज नल' (नल म्हणजे किंमतच नाही) एकही ओळ देत नाही.

फाइल बिघडली असेल म्हणून 'प्रॅग्मा इंटिग्रिटी_चेक' चालवलं, उत्तर 'ओके'. मग दुसऱ्या फाइलमध्ये टेबल स्वतः बनवलं, सगळे आकडी कॉलम इंटिजर (पूर्णांक) ठेवले आणि पुन्हा आयात केली. तर आता सगळ्यात अलीकडचं वर्ष विचारलं की उत्तर येतं 'वर्ष'. आकडा नाही, शब्द! दोन संध्याकाळी यात गेल्या. कुणी समजावून सांगेल का?

प्रतिसाद १

फाइल उत्तम आहे. पहिल्या डेटाबेसमध्ये 'डॉट स्कीमा पुस्तके' करून बघा, सगळे कॉलम टेक्स्ट (मजकूर) दिसतील. कॉलम टेक्स्ट असला की तुलना करताना तुमचा ५०० हासुद्धा मजकूर धरला जातो. मग शब्दकोशात शब्द लावतात तशी डावीकडून एकेक अक्षराची तुलना होते. ९ हा ५ च्या पुढचा, म्हणून ९८ मोठा. १,०२४ ची सुरुवात १ ने, म्हणून तो लहान. बेरीज करताना मात्र मजकुराचा आकडा करून घेतला जातो, त्यामुळे ती बरोबर आली.

कोऱ्या जागांचं असं, की सीएसव्हीतली कोरी जागा नल म्हणून येत नाही, रिकामा मजकूर म्हणून येते. त्यामुळे 'इज नल'ला ती सापडत नाही. सरासरीत तिची किंमत शून्य धरली जाते आणि भागताना ती ओळ मोजलीही जाते. तुमचे १९१ तिथून आले.

उपाय : नवं टेबल करा आणि आकडे 'कास्ट(पाने ॲज इंटिजर)' करून, म्हणजे मजकुराचा पूर्णांक करून, त्यात भरा.

प्रतिसाद २

वरचं निदान पूर्ण पटलं, पण कास्ट आत्ता करू नका, अशी कळकळीची विनंती. कास्टला जे समजत नाही त्याचं तो गुपचूप शून्य करतो. कुठेही चूक दाखवत नाही. कोऱ्या २१२ ओळींची शून्य पानांची पुस्तकं होतील आणि खरं काय होतं ते नव्या टेबलात शोधायला काही उरणार नाही.

तुमचा दुसरा प्रयत्न जास्त बरोबर होता. त्यात एकच राहिलं. टेबल आधीच असेल तर इम्पोर्ट पहिली ओळसुद्धा माहिती समजून आत घेतो. 'वर्ष' या शब्दाचा आकडा होऊ शकत नाही, म्हणून तो इंटिजर कॉलममध्येही शब्द म्हणूनच बसला. एसक्यूलाइटच्या क्रमात नल सर्वांत आधी, मग आकडे, मग मजकूर. म्हणून सर्वांत मोठी किंमत 'वर्ष'! इतर डेटाबेस असा शब्द दारातच अडवतात, हा अडवत नाही.

टेबल रिकामं करून असं द्या :

'डॉट इम्पोर्ट --सीएसव्ही --स्किप १ यादी.सीएसव्ही पुस्तके'

हे दोन्ही पर्याय आवृत्ती ३.३२ पासून, म्हणजे २०२० पासून आहेत. डॉटने सुरू होणाऱ्या आज्ञेला सेमीकोलन लागत नाही, क्वेरीला लागतो. तो विसरला की ती टिंबं दाखवत वाट बघत बसते, घाबरू नका.

मग कोणत्या प्रकारच्या किती किंमती आहेत ते विचारा : 'सिलेक्ट टाइपऑफ(पाने), काउंट(*) फ्रॉम पुस्तके ग्रुप बाय १;' टेक्स्टपुढे किती येतात ते इथे कळवा. काही बदलण्याआधी 'डॉट बॅकअप जुनी.डीबी' नक्की.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार! अक्षराअक्षराची तुलना वाचून डोक्यात लख्ख उजेड पडला.

इंटिजर १,६१४ आणि टेक्स्ट २२६. कोऱ्या २१२ वजा केल्या तरी १४ उरतात. त्या काढून बघितल्या. तीन ठिकाणी मीच 'माहीत नाही' लिहिलंय. उरलेल्या ११ ठिकाणी आकडे अगदी व्यवस्थित आहेत, ३२०, १७६ वगैरे. मग ते मजकूर का?

प्रतिसाद २

ते ११ आकडे देवनागरीत टाइप झाले असणार. फोनचा कीबोर्ड मराठीवर असला की असं होतं. एसक्यूलाइटला फक्त इंग्रजी आकडे हे आकडे म्हणून कळतात, देवनागरी अंक त्याच्या लेखी अक्षरं. कास्टने या ११ पुस्तकांचीही शून्य पानं केली असती. बहुधा तुमची स्प्रेडशीटही त्यांना आकडे मानत नव्हती, बेरीज जुळली ती त्यामुळेच.

आधी 'बिगिन;' मग 'डॉट चेंजेस ऑन', म्हणजे किती ओळी बदलल्या ते दर वेळी दिसेल. त्यानंतर :

'अपडेट पुस्तके सेट पाने = नल व्हेअर ट्रिम(पाने) इन ('', 'माहीत नाही');' यात २१५ ओळी बदलायला हव्यात.

मग 'व्हेअर टाइपऑफ(पाने) = 'टेक्स्ट'' एवढ्यांवरच रिप्लेस. दहा अंकांसाठी एकात एक असे दहा रिप्लेस लिहावे लागतील. दिसायला कुरूप, पण काम चोख. इंग्रजी आकडे झाले की इंटिजर कॉलम त्यांची संख्या आपोआप करून घेतो. मोजणी जुळली तर 'कमिट;' (बदल कायम), नाहीतर 'रोलबॅक;' (बदल रद्द).

प्रतिसाद ३

सगळं साफ झाल्यावर स्ट्रिक्ट टेबल करून त्यात माहिती हलवा (आवृत्ती ३.३७ पासून, २०२१). मग आकड्याच्या जागी शब्द शिरूच शकत नाही. पण आयात करतानाच स्ट्रिक्ट लावलंत तर कोऱ्या जागांच्या सगळ्या ओळी नाकारल्या जातील, तेव्हा आधी सफाई.

आणि 'सगळे आकडी कॉलम इंटिजर' म्हणालात, त्यात आयएसबीएन होता का? तो आकड्यासारखा दिसतो, पण त्याची बेरीज कुणी करत नाही. तो टेक्स्टच हवा.

धागाकर्ती

२१५ आणि मग ११, दोन्ही मोजण्या जुळल्या, कमिट केलं. १,०२४ पानांचा ग्रंथ अखेर यादीत आला!

आयएसबीएन इंटिजर केला होता, हो. आत्ता बघितलं, शून्याने सुरू होणाऱ्या सगळ्या दहा अंकी क्रमांकांचं पहिलं शून्य गेलंय. शेवटी एक्स असलेले तेवढे वाचले. पुन्हा पहिल्यापासून आयात करू का?

प्रतिसाद ३

सगळं नको. आधी सीएसव्ही साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. स्प्रेडशीटमध्ये नको, ती स्वतःच शून्यं खाते. फाइलमध्ये शून्यं असतील तर वेगळ्या टेबलात आयात करा, त्यात आयएसबीएन टेक्स्ट ठेवा आणि सफाई केलेली पानं नाव-लेखक जुळवून तिकडे न्या. फाइलमध्येही नसतील तर टेक्स्ट कॉलममध्येच दहापेक्षा कमी लांबीच्या क्रमांकांना 'सबस्ट्र('००००००००००' || आयएसबीएन, -१०)', ही शून्यं इंग्रजी आकड्यातली. कधी कधी दोन शून्यं गेलेली असतात, म्हणून नुसतं एक शून्य चिकटवू नका. कोऱ्या जागा मात्र यातून वगळा.

धागाकर्ती

फाइलमध्ये शून्यं शाबूत आहेत! बॅकअप घेतलाय, आता आयात करते.