सल्ला हवा आहे : मुलीच्या आतड्याचे वळण जन्मजात अपुरे आहे, शस्त्रक्रिया आताच करावी का?

माझ्या ९ वर्षांच्या मुलीला दोन वर्षांपासून अधूनमधून पोटात कळा येऊन उलट्या होतात, दोन दिवसांत ती बरी होते आणि मग महिनोनमहिने काहीच त्रास नसतो. आम्ही ते पित्त समजत राहिलो. आता औषध पाजून काढलेल्या क्ष-किरण चित्रांत आतड्याचे वळण जन्मापासून अपुरे असल्याचे दिसले असून, डॉक्टरांनी लॅड शस्त्रक्रिया (आतड्याला अडवणारे पट्टे कापून त्याची मांडणी बदलणारी) सुचवली आहे. ती हसतखेळत असताना पोट उघडावे, की थांबून पाहावे?

प्रतिसाद १ : मी बालशल्यचिकित्सक आहे. गर्भात आतडे काही आठवडे नाळेत उतरते आणि आतड्याच्या मुख्य रक्तवाहिनीभोवती २७० अंशांत वळून पोटात परतते. हे वळण अपुरे राहिले, तर आतड्याला मागून धरणाऱ्या पडद्याचे मूळ रुंद न राहता देठासारखे अरुंद होते आणि त्या देठाभोवती आतड्याला पीळ बसू शकतो. अर्धवट पीळ आपोआप सुटतो, तेव्हा कळ येऊन जाते. पूर्ण बसला, तर रक्तपुरवठा तुटून काही तासांत आतडे काळे पडते. कोणता पीळ सुटणार नाही हे आधी सांगता येत नाही, त्यामुळे मधल्या बऱ्या दिवसांवर मी विसंबणार नाही. उलटीचा रंग कोणता होता?

प्रतिसाद २ : माझी हीच शस्त्रक्रिया एकोणिसाव्या वर्षी झाली. आतडे 'नेहमीच्या जागी' बसवत नाहीत, हे मला नंतर कळले : आतड्याला अडवणारे जन्मजात पट्टे कापून लहान आतडे उजवीकडे व मोठे डावीकडे ठेवतात, आणि अपेंडिक्स डावीकडे गेल्यास पुढे निदान चुकेल म्हणून तेही बहुधा काढतात. दुर्बिणीतून की पोट उघडून, हे अवश्य विचारावे. दुर्बिणीने माणूस लवकर उठतो. उघडून केल्यास आतली चिकटण आतड्याला स्थिर ठेवते असे मानतात, पण तीच चिकटण पुढे अडथळाही करू शकते.

धागाकर्ती : मागच्या खेपेस शेवटच्या दोन उलट्या हिरव्या होत्या.

प्रतिसाद १ : घरात ज्याला आपण पित्त म्हणतो ते आंबट पाणी जठरातले असते, हिरवा रंग म्हणजे यकृतातले खरे पित्त, आणि ते वर येणे हे पुढची वाट अडल्याचे लक्षण असू शकते. तारीख लांबवू नका. त्याआधी पुन्हा हिरवी उलटी झाली, तर तोंडाने काहीही न देता, मध्यरात्र असली तरी, बालशल्यचिकित्सक असलेले रुग्णालय गाठावे आणि दारातच हे निदान सांगावे.