पाचवा महिना, तिसरा मजला, लिफ्ट नाही… किती हालचाल करू?

डोंबिवलीची_मी:
मला २१वा आठवडा चालूये, पहिलंच. सासूबाई म्हणतात जिना शक्यतो चढूच नकोस, वाकू नकोस. आणि आई रोज फोनवर, उकिडवं बसून फरशी पूस गं, डिलिव्हरी नॉर्मल होते. मॅडमना विचारलं तर "सगळं छान आहे, चाला" म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. चाला म्हणजे किती? घरकाम त्यात धरायचं का? आठवड्यातले तीन दिवस ऑफिस, बाकी घरून, संध्याकाळपर्यंत पाय सुजतात.

भाजणी_चकली:
अगं डब्ल्यूएचओ आठवड्याला निदान १५० मिनिटं म्हणतंय, तब्येत ठीक असेल तर. एकदम नाही करायची, मी जेवणं झाली की दहा-पंधरा मिनिटं चालायचे, शुगर बॉर्डरला होती तिलाही फायदा झाला. चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत, वाक्य तुटायला लागलं की स्पीड कमी. झाडू, कपडे वाळत घालणं सगळं धर की! जिन्याचं म्हणशील तर आम्हीही तिसऱ्यावर, कठडा धरून चढायचे, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी माझ्यासाठी दाराबाहेर स्टूल ठेवलं होतं 😄 भाजीची पिशवी मात्र नवरा आणायचा.

फिजिओ_ताई:
फरशी पुसल्याने नॉर्मल होतेच असं काही नाही गं, आईला वाईट वाटेल पण खरंय. गुडघे दुखत नसतील, तोल जात नसेल तर पूस, नाहीतर दांड्याचा मॉप. या दिवसांत सांधे सैल पडतात आणि पोटामुळे तोल बदलतो, म्हणून बादली उचलताना कंबरेत नाही, गुडघ्यात वाक, आणि अर्धीच भर. व्यायाम करताना पाठीवर सपाट झोपून राहू नकोस. ऑफिसात तासाभराने उठ, बसल्या बसल्या घोटे वरखाली कर, सुजेला बरं पडतं. पण चेहरा-हात अचानक सुजले, डोकं ठणकतंय, तर बीपी लगेच दाखव. अंगावर लाल जाणं, पाणी जाणं, चक्कर, छातीत दुखणं, एकाच पोटरीत दुखणं, यातलं काहीही झालं तर थांब आणि फोन कर.

वार_खाली_होती:
मी जरा वेगळं सांगते. माझ्या पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत वार (प्लासेंटा) खाली, गर्भाशयाच्या तोंडाजवळ निघाली, नंतर ब्लीडिंगही झालं, मग डॉक्टरांनी चालणंसुद्धा कमी करायला लावलं. आणि जाऊबाई रोज, मी तर नवव्यापर्यंत पाणी भरलं. तेव्हा इथलं वाचून काही सुरू करण्याआधी रिपोर्टमध्ये वार कुठे लिहिलीये ते बघ, आणि मॅडमना धरून बसव, पाच मिनिटं तरी.

डोंबिवलीची_मी:
रिपोर्ट काढला, वार वर आहे. सोमवारी प्रश्न कागदावर लिहून नेणारे. फरशी कालपासून नवरा पुसतोय, उकिडवं बसून. आईला अजून सांगितलं नाहीये 🙈