दुधातली खनिजं आईच्या ताटावर ठरतात का?

निशाचर:
बाळाचं वजन वाढलं नाही की पहिला संशय आईवर. 'तूच नीट खात नाहीस.' खनिजांपुरतं तरी हे बोलणं बंद करा. अंगावरच्या दुधातलं कॅल्शियम, लोह आणि जस्त आईच्या रोजच्या खाण्यावर जवळजवळ अवलंबून नसतं. गॅम्बियात मुळातच फार कमी कॅल्शियम मिळणाऱ्या मातांना गोळ्या देऊन पाहिलं, दुधातलं कॅल्शियम वाढलं नाही. जस्त तर आई काहीही खावो, चिकाच्या दुधात भरपूर असतं आणि पुढच्या महिन्यांत झपाट्यानं उतरतं.

चिकित्सक:
आयोडीन आणि सेलेनियम मग कोण? तीही खनिजंच, आणि आईला कमी मिळाली तर दुधातही कमी उतरतात. आयोडीनवर बाळाचा थायरॉइड चालतो, थायरॉइडवर मेंदूची वाढ. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना स्तनदा मातेला रोज २५० मायक्रोग्रॅम आयोडीन सांगते, इतर प्रौढांना १५०. आई सिगारेट ओढत असेल तर शरीरात तयार होणारं थायोसायनेट दुधात जाणाऱ्या आयोडीनची वाट अडवतं. 'काही खाल्लं तरी चालतं' असा निरोप पोचला तर तो धोक्याचा आहे.

निशाचर:
असा निरोप मी दिलेला नाही. आयोडीन मान्य, आयोडीनयुक्त मीठ त्यासाठीच आहे. त्याकरता आईला रोज उलटतपासणीला कशाला उभं करायचं?

ओवी:
दोघंही दुधाचंच बोलताय, बाईचं कोण बोलणार? दुधावाटे रोज २०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं. त्यातलं बरंचसं तिच्या हाडांतून निघतं. पाजताना इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी असतं, त्यात स्तनातून येणारं एक प्रथिन हाडांना कॅल्शियम सोडायला लावतं. काही महिन्यांत मणक्यांची घनता ३ ते ७ टक्के घटू शकते. गोळ्या हव्यातच.

चिकित्सक:
गोळ्यांनी ती घट थांबत नाही, हे चाचण्यांत दिसलंय. अंगावर पाजणं थांबलं की बहुतेकींची हाडं पुन्हा भरून येतात. अमेरिकी शिफारशीत तर १९ ते ५० वयाच्या बाईला पाजत असो वा नसो, रोज १००० मिलिग्रॅमच कॅल्शियम.

ओवी:
ते १००० तरी पोटात जातात का, हे आधी विचारा! बाळंतपणात रक्त गेलेलं असतं, पण बाळ छान पितंय म्हटल्यावर आईचं हिमोग्लोबिन तपासायचं कुणाला सुचत नाही. दूध चांगलं, म्हणून आई चांगली, हे गणित मला पटत नाही.

साधामाणूस:
आईनं लोहाच्या गोळ्या घेतल्या तर बाळालाही मिळेल ना?

चिकित्सक:
नाही. त्या आईसाठी, आणि तिला गरज असेल तर घ्याव्यातच, इथं ओवींशी सहमत. दुधात लोह लिटरला जेमतेम ०.३ मिलिग्रॅम. त्यातलं बरंचसं शोषलं जातं, तरी पहिले सहा महिने बाळाची मदार पोटात असताना साठवलेल्या लोहावर. म्हणून नाळ निदान मिनिटभर थांबून कापावी, म्हणजे तिच्यातलं रक्त बाळाकडे जातं, आणि सहा महिने झाले की लोह असलेलं वरचं अन्न सुरू करावं.

निशाचर:
जस्ताचा एक विरळा प्रकार सांगतो. काही आयांमध्ये जस्त दुधात पोचवणाऱ्या जनुकातच दोष असतो. केवळ अंगावर पिणाऱ्या बाळाच्या तोंडाभोवती आणि लंगोटाच्या जागी चट्टे उठतात. आईला कितीही झिंक द्या, दुधात उतरत नाही. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानं थेट बाळालाच द्यावं लागतं.